इशारा लातूरला पोचेल, किल्लारीला नाही

१० जुलै २०२४ च्या सकाळी हिंगोली, परभणी, नांदेडकडे ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. असं काही झालं की मोबाइलवर ‘आज रात्री दोन वाजता मोठा भूकंप, घराबाहेर झोपा’ असे निरोप फिरायला लागतात. ते साफ खोटे असतात. भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगणं आज जगात कुणालाच जमत नाही, ना शास्त्रज्ञांना, ना पंचांगवाल्यांना.

मात्र भूकंप सुरू झाल्यावर, त्याचा तडाखा आपल्यापर्यंत येण्याआधी इशारा देता येतो. जपानमध्ये २००७ पासून तो सर्वसामान्यांना मिळतो. आपल्याकडे उत्तराखंडात आयआयटी रुरकीने अशी यंत्रणा उभी केली आहे.

भूकंपातून दोन मुख्य लहरी निघतात, पी आणि एस. खडकातून पी लहर सेकंदाला साधारण ६ किलोमीटर जाते, एस लहर साडेतीन. पहिलीने भांडी वाजतात, दुसरीने भिंती पडतात. यंत्राने पहिली ओळखायची आणि दुसरी येण्याआधी भोंगा वाजवायचा.

पण ओळखायची कशी? उत्तम भूकंपमापक महाग, म्हणून थोडे आणि दूरदूर. मोबाइलमधला कंपन टिपणारा सेन्सर साधाच, पण घरोघरी. एकटा फोन हलला तर त्याला काही किंमत नाही. तो पलंगावरून पडलेला असू शकतो. एका गल्लीतले शंभर फोन एकदम थरथरले तरी ती डीजेची मिरवणूक असेल. मात्र हे थरथरणं गावागणिक सेकंदाला ६ किलोमीटरच्या हिशोबाने बाहेर पसरत गेलं, तर तो भूकंपच. भूकंपमापकांचं आणि फोनचं अशी दोन्ही जाळी एकत्र केली की चांगल्या यंत्राच्या एकट्या शब्दालाही जास्त वजन द्यायचं, फोनच्या बाबतीत मात्र त्यांच्या संख्येला.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे गप्प असलेली यंत्रंही बोलतात. औसा हललं, उमरगा हललं आणि तुळजापूर अजून शांत आहे, एवढ्यावरून भूकंपाचं केंद्र कुठे नाही ते कळतं. दर सेकंदाला शक्यतेचा नकाशा असा आक्रसत जातो. तोवर पी लहरीच्या पहिल्या तीन सेकंदांतला प्रधान आवर्तकाल (एका मुख्य हेलकाव्याला लागणारा वेळ) आणि जमिनीचं कमाल विस्थापन (ती जागची जास्तीत जास्त किती सरकली) यांवरून तीव्रतेचा अंदाज बांधला जातो. आवर्तकाल लांब, तर भूकंप मोठा. पहाटे तर फोन चार्जिंगला लावून स्थिर पडलेले असतात, म्हणजे तेव्हा हे जाळं सर्वांत चांगलं ऐकतं. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीच झाला होता.

तोच हिशोबाला घेऊ. केंद्राची खोली १० किलोमीटर धरली तर पी लहर वर यायला पावणेदोन सेकंद, तीन सेकंद मोजणीला, दीड-दोन संदेशाला. साडेसहा सेकंद झाले. तेवढ्यात एस लहर सभोवती २० किलोमीटरपर्यंत पोचलेली असते. सुमारे ४० किलोमीटरवरच्या लातूरला पाचेक सेकंद मिळतात: पलंगाशेजारच्या कपाटापासून दूर व्हायला, लिफ्ट थांबवायला, गॅसचा झडप आपोआप बंद व्हायला पुरेसे. सोलापूरला सतराएक.

किल्लारी, सास्तूर त्या २० किलोमीटरच्या आत. तिथे दोन लहरींत जेमतेम सव्वा सेकंदाचं अंतर, आणि माणसं दगड-मातीच्या जाड भिंती न् माळवदाखाली गाडली गेली. म्हणून अशा गावांत पहिला पैसा सेन्सरवर नको. घराच्या चारही भिंतींवरून अखंड फिरणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्यावर लागायला हवा.