पान तोंडात गेलं नाही, तरी निकोटिन अंगात जातं

‘तंबाखू खाल्ली किंवा ओढली तरच बाधते, शेतात पानं खुडणाऱ्या पोरांना काही होत नाही,’ हा समज जुना आहे आणि तसं वाटणं साहजिकही आहे. पण तंबाखूतलं निकोटिन पाण्यात विरघळतं आणि कातडीतून आत शिरतं. पहाटे दवाने ओली पानं काखेत धरली, सदरा भिजला, की काही तासांत मळमळ, उलटी, चक्कर. ऊन लागलं असेल म्हणून विषय संपतो. (लक्षणं मिळतीजुळती असतातच म्हणा.) त्रास ओल्या पानांच्या दिवशीच होतो का, एवढं ताडून बघा. पक्की खात्री लघवीतल्या कोटिनिनच्या तपासणीने होते. शरीरात निकोटिनचं कोटिनिन बनतं. तंबाखूला तोंड न लावणाऱ्या खुडणाऱ्यांतही ते सापडतं. ‘चिमूटभर तंबाखू खा, म्हणजे चक्कर येणार नाही’ हा सल्ला मात्र घातक. सवयीने मळमळ कमी होते खरी, पण ती सवय म्हणजेच व्यसनाची सुरुवात.