अहंकारत्याग आणि ईश्वरासमोरील नम्रता

आपले सामर्थ्य, ज्ञान, पुण्य आणि प्रतिष्ठा ही आपणच घडवलेली मिळकत आहे, हा भाव सोडून ईश्वरासमोर आपले खरे प्रमाण ओळखणे, याला धर्मविचारात अहंकारत्याग म्हणतात. संस्कृत आणि मराठी धर्मवाङ्मयात यासाठी अमानित्व, निरहंकार, दैन्य, शरणागती असे शब्द येतात. त्यांच्या छटा वेगळ्या आहेत. अमानित्वात मानाची इच्छा नसते, निरहंकारात कर्तेपणाचा दावा नसतो, तर शरणागतीत माणूस स्वतःला ईश्वराच्या हाती सोपवतो. स्वतःला तुच्छ मानणे हा यांपैकी कशाचाही गाभा नव्हे. ही गल्लत जुनी आहे आणि तिने अनेक श्रद्धाळूंचे मन विनाकारण खचवले आहे.

या संकल्पनेचे सर्वांत नेमके चित्र केनोपनिषदातील यक्षकथेत सापडते. परब्रह्माच्या बळावर देवांना विजय मिळतो, पण हा महिमा आपलाच, असे त्यांना वाटू लागते. तेव्हा त्यांच्यापुढे एक अनोळखी यक्ष प्रकट होतो. पृथ्वीवरचे सारे काही आपण जाळू शकतो असे सांगणाऱ्या अग्नीपुढे तो गवताची एक काडी ठेवतो आणि अग्नीला ती जाळता येत नाही. वायूला तीच काडी हलवता येत नाही. इंद्र जवळ जातो तेव्हा यक्ष अदृश्य होतो, आणि तो विजय खरोखर कोणाचा होता हे उमा हैमवती इंद्राला सांगते. कथेत अग्नीचे दाहकत्व खोटे ठरवलेले नाही. ती शक्ती मुळात स्वतःची आहे, ही त्याची समजूत तेवढी ढासळते. म्हणूनच अंगी असलेला गुण नाकारणे म्हणजे नम्रता नव्हे. तेराव्या शतकातील ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस यांनीही स्वतःमधील ईश्वरी देणगी मान्य करण्यात नम्रतेला बाध येत नाही, असेच प्रतिपादन केले.

भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात सर्व कर्मे प्रकृतीच्या गुणांकडून होत असताना ‘मीच कर्ता’ असे मानणाऱ्याला अहंकाराने मोहित झालेला म्हटले आहे. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना अमानित्वाला पहिले स्थान दिले आहे; अहिंसेचा उल्लेखही त्याच्यानंतर येतो. 1290 मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत या एका शब्दाचा मोठा विस्तार आहे. अमानी पुरुषाला थोरवीचे ओझे वाटते, तो आपले चातुर्य लपवतो आणि महत्त्व टळावे म्हणून वेडेपण आवडीने मिरवतो, असे ज्ञानेश्वर सांगतात.

गर्वाची सर्वांत काटेकोर व्याख्या इस्लामी परंपरेत आढळते. सत्य नाकारणे आणि लोकांना हीन लेखणे म्हणजे गर्व, असे पैगंबर मुहंमद यांचे वचन सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात नोंदलेले आहे. कुराणातील इब्लीस, म्हणजे सैतान, ईश्वराचे अस्तित्व नाकारत नाही. आपण अग्नीपासून आणि आदम मातीपासून घडला, म्हणून आपण श्रेष्ठ, एवढेच तो म्हणतो. श्रद्धा असूनही गर्व शिल्लक राहू शकतो, हे या कथेतून फार स्पष्टपणे दिसते. ज्यू विचारवंत मायमोनिडीझ (1138–1204) यांनी बहुतेक स्वभावगुणांत मध्यममार्ग सांगितला, मात्र गर्वाच्या बाबतीत मधले ठिकाणही पुरेसे मानले नाही.

अहंकार सोडण्यातली खरी अडचण अशी, की सोडणाराही अहंकारच असतो. ‘मी नम्र झालो’ असे वाटले की तीच नवी प्रौढी ठरते. ख्रिस्ती संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमावलीत नम्रतेच्या 12 पायऱ्या दिल्या. बाराव्या शतकात क्लेअरवो मठाचे प्रमुख बर्नार्ड यांनी त्याच पायऱ्या उलट्या क्रमाने मांडून माणूस गर्वात कसा उतरत जातो ते दाखवले, आणि आरंभ केला तो वायफळ कुतूहलापासून, म्हणजे स्वतःकडे पाहायचे सोडून इतरांकडे टकमक पाहण्यापासून. शीख धर्मात अहंभावाला ‘हउमै’ म्हणतात. तो दीर्घ रोग आहे, परंतु त्याचे औषधही त्याच्यातच आहे, असे गुरू अंगद यांनी म्हटले आहे आणि ते औषध ईश्वरकृपेने लाभते असे सांगितले आहे. या अडचणीमुळेच बहुतेक परंपरांत नम्रता कमावण्यापेक्षा मागितली जाते, आणि तिची प्रार्थना हाच तिचा आरंभ मानला जातो.

मन असे हुलकावण्या देते, म्हणून शरीराला आधी वाकवण्याची रीत पडली असावी. नमाजातील सजद्यात कपाळ, दोन्ही तळवे, दोन्ही गुडघे आणि दोन्ही पायांची बोटे जमिनीला टेकतात. साष्टांग नमस्कारात सारा देह भूमीवर येतो. योहानाच्या शुभवर्तमानानुसार येशूने शिष्यांचे पाय धुतले, आणि पवित्र गुरुवारी अनेक चर्चमध्ये या प्रसंगाची पुनरावृत्ती केली जाते. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, त्यात वय किंवा मान पाहिला जात नाही.

नम्रतेच्या उपदेशावर गंभीर आक्षेपही घेतले गेले आहेत. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी 1751 मध्ये तिची गणना निरुपयोगी मठवासी गुणांत केली. याहून विचार करायला लावणारा आक्षेप स्त्रीवादी धर्मचिंतक वॅलरी सेव्हिंग यांनी 1960 मध्ये घेतला. गर्व हेच मूळ पाप, हा सिद्धान्त पुरुषांच्या अनुभवावर उभा आहे; अनेक स्त्रियांचा धोका नेमका उलटा, म्हणजे स्वत्वच विरून जाण्याचा असतो, असे त्यांचे म्हणणे होते. ज्याला समाजाने आधीच खाली दाबले आहे त्याला आणखी वाकायला सांगणे म्हणजे धर्माच्या नावाने अन्याय पुढे चालवणे होय. चौदाव्या शतकातील संत चोखामेळा यांच्या अभंगांत ईश्वरापुढे लीन होणे आणि अन्यायापुढे वाकणे यांतला भेद लख्ख दिसतो. ते विठ्ठलापुढे पूर्ण लीन होतात, पण विटाळाची कल्पना मात्र मान्य करत नाहीत आणि विटाळापासून मुक्त कोण आहे, असा सरळ प्रश्न विचारतात. त्यांना पंढरपूरच्या मंदिरात प्रवेश नव्हता. त्यांची समाधी आजही महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे.