बौद्धिक अक्षमता वेगळी, मानसिक आजार वेगळा

आपल्याकडे लग्नकार्यात कुणाबद्दल तरी "त्याचं जरा मेंटल आहे" असं दबक्या आवाजात सांगतात, आणि मग कळतच नाही की डाऊन सिंड्रोमवाल्या मुलाबद्दल चाललंय की स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या घेणाऱ्या काकांबद्दल.

बौद्धिक अक्षमता (आधी सर्रास मतिमंद म्हणायचे ती) हा आजारच नाही. जन्मापासून किंवा लहानपणापासून असते, शिकायला, पैशाचा हिशोब जमायला वेळ लागतो, त्यावर गोळी नाही, पण नीट शिकवलं की बरंच काही जमतं. डाऊन सिंड्रोममधे २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्तीची असते, ती काय औषधाने जाणार? तरी लोक आईबापाला विचारतातच, "बरा कधी होणार हो?"

मानसिक आजारात मुळात बुद्धीचा प्रश्न नसतो. स्किझोफ्रेनिया बऱ्याचदा विशीच्या आसपास सुरू होतो, चांगला कॉलेजला जाणारा मुलगा एकदम कानात आवाज येतात म्हणायला लागतो, उपचार घेऊन पुढे नोकरी-संसार करणारेही आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत हे दोन वेगळे मोजलेत, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता सरळ बाहेर ठेवलीय. एकाच माणसाला दोन्ही असू शकतं, तो भाग निराळा.

आता बोलायचं कसं. बौद्धिक अक्षमता असलेला पस्तिशीचा दाढीमिशीवाला माणूस पन्नासची नोट घेऊन किराणा दुकानात उभा, आणि दुकानदार त्याच्या आईला विचारतो, "बाळाला काय हवंय?" अहो त्यालाच विचारा ना! छोटी वाक्यं, एका वेळी एकच प्रश्न, आणि उत्तर येईपर्यंत जरा थांबा, मागे लाईन लागली तरी.

स्किझोफ्रेनियावाल्या काकांशी मात्र असं तोडून तोडून बोललात तर त्यांना रागच येईल, आणि बरोबरच आहे. "तो स्किझोफ्रेनिक" नको, "त्यांना स्किझोफ्रेनिया आहे" म्हणा, तेही त्यांनी स्वतः सांगितलं असेल तरच, नाहीतर तुमचा काय संबंध? बायपोलर हाही एक मानसिक आजारच, पण जरा मूड बदलला की "बायपोलर झालीय" म्हणायची नवीन फॅशन आलीय तीही फालतूच. आणि ते पुण्यातले "येरवड्याला भरती करा" नि मुंबईतले "ठाण्याला पाठवा" छाप जोक (दोन्हीकडे मनोरुग्णालयं आहेत म्हणून), फॅमिली ग्रुपवर ज्यांच्या घरचं कुणी खरंच तिथे राहून आलंय तेही वाचत असतात, फक्त रिप्लाय करत नाहीत.