परराज्यीय करथकबाकी : वसुली व दंडाच्या मर्यादा

एका राज्याचा कर थकवून दुसऱ्या राज्यात राहायला गेलेल्या व्यक्तीकडून तो कसा वसूल करावा, आणि त्या कामी नव्या राज्याने किती हातभार लावावा, यासंबंधीचे अमेरिकेच्या संघराज्यातील कायदे व न्यायनिर्णय. याच्या मुळाशी ‘महसूल नियम’ हे तत्त्व आहे : एका सत्तेच्या करकायद्याची अंमलबजावणी दुसऱ्या सत्तेचे न्यायालय करीत नाही.

या नियमाचा उगम वादग्रस्त आहे. ‘कोणताही देश दुसऱ्याच्या महसूल कायद्याची दखल घेत नाही’ हे इंग्लिश न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांचे ‘होल्मन वि. जॉन्सन’ (१७७५) या खटल्यातील विधान सर्वत्र आधार म्हणून दिले जाते. तो खटला मात्र थकलेल्या कराचा नव्हताच. फ्रान्समधील डंकर्क येथे विकलेला चहा पुढे चोरट्या मार्गाने इंग्लंडमध्ये नेला जाणार होता आणि विक्रेत्याला ते ठाऊक होते. त्याला चहाची किंमत मिळावी की नाही, एवढाच प्रश्न होता. मोडला जाणारा कायदाही इंग्लंडचाच होता, त्यामुळे हे विधान निकालासाठी आवश्यक नव्हते. त्याआधीचा ‘बाउचर वि. लॉसन’ (सु. १७३४, काही संदर्भांत १७३५) पोर्तुगालमधून सोने बाहेर नेण्यावरील बंदीसंबंधी होता, आणि न्यायाधीश लॉर्ड हार्डविक यांना चिंता इंग्लंडच्या व्यापाराची होती. प्रत्यक्ष कराची मागणी धुडकावल्याचे स्पष्ट उदाहरण ‘म्युनिसिपल कौन्सिल ऑफ सिडनी वि. बुल’ (१९०९) येथे सापडते. म्हणून हा नियम अठराव्या शतकात जन्मला असे म्हणण्यापेक्षा, व्यापाराच्या सोयीसाठी केलेल्या शेऱ्यांचे पुढे नियमात रूपांतर झाले, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

अमेरिकेत ‘मूर वि. मिचेल’ (१९२९) मध्ये इंडियाना राज्यातील एका काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) कोषाधिकाऱ्याने न्यूयॉर्कमध्ये कराचा दावा लावला, तो फेटाळला गेला. न्यायाधीश लर्नेड हँड यांनी आपल्या स्वतंत्र मतात कारण दिले : परक्या राज्याच्या सार्वजनिक धोरणाची छाननी करणे न्यायालयाच्या अखत्यारीबाहेरचे आहे. कलाटणी मिळाली ती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या ‘मिलवॉकी काउंटी वि. एम. ई. व्हाइट कंपनी’ (१९३५) या निर्णयाने. राज्याच्या न्यायालयाने कराबाबत निकाल दिला असेल, तर संविधानाच्या चौथ्या अनुच्छेदातील ‘पूर्ण विश्वास व मान्यता’ या कलमानुसार इतर राज्यांना तो मानावाच लागतो. निकाल न लागलेल्या नुसत्या करमागणीचा प्रश्न मात्र न्यायालयाने मोकळा ठेवला. दंडात्मक कायद्याखालील निकालाबाबतही मत दिले नाही. परराज्याचा दंड वसूल न करण्याची ही सावधगिरी ‘विस्कॉन्सिन वि. पेलिकन इन्शुरन्स’ (१८८८) पासूनची आहे. मिसूरीतील न्यायालयाने १९४६ मध्ये ओक्लाहोमाचा निकालाविना आलेला प्राप्तिकराचा दावाही स्वीकारला. पुढे अनेक राज्यांनी परस्परतेच्या अटीवर असे दावे चालविण्याचे कायदे केले.

प्रत्यक्ष वसुलीत निकालाची प्रमाणित प्रत नव्या राज्यातील न्यायालयाच्या कारकुनाकडे नोंदवतात, थकबाकीदाराला सूचना जाते, आणि मग पगार किंवा बँक खाते जप्त करता येते. मूळ कर योग्य होता का, हा वाद येथे पुन्हा उकरता येत नाही. मूळ न्यायालयाला अधिकारिता नव्हती किंवा नोटीस मिळालीच नाही, हे मुख्य बचाव. बहुतेक प्रकरणे नोटिशीपाशीच अडतात, कारण ती जुन्या पत्त्यावर गेलेली असते. करखात्याने न्यायालयात न जाता काढलेल्या वसुली आदेशाला निकालाचा दर्जा द्यावा का, याबाबत एकवाक्यता नाही.

केंद्रीय करपरताव्यातून राज्याची थकबाकी वळती करण्याची सोय १९९८ च्या कायद्याने झाली (अंतर्गत महसूल संहिता, कलम ६४०२ (ङ)). तिची मर्यादा नेमकी आहे : ज्या विवरणपत्रावर परतावा निघतो, त्यावरील पत्ता मागणी करणाऱ्या राज्यातलाच हवा. शिवाय राज्याने पोचपावतीसह प्रमाणित (सर्टिफाइड) टपालाने सूचना पाठवून किमान ६० दिवस द्यावे लागतात. न्यू जर्सीचा प्राप्तिकर थकवून टेक्ससला गेलेल्याने विवरणपत्रावर ह्यूस्टनचा पत्ता लिहिला, तर त्याचा केंद्रीय परतावा न्यू जर्सीला धरता येत नाही. टेक्ससमध्ये वैयक्तिक प्राप्तिकरच नसल्याने तेथे राज्याचा परतावाही नसतो. न्यू जर्सीत मोठ्या संख्येने असलेल्या मराठी नोकरदारांनी राज्य बदलताना हे जाणून घ्यावे. मात्र थकबाकी यामुळे मिटत नाही, व्याज चालूच राहते.

दंडाची साधने बहुधा त्या त्या राज्यापुरतीच चालतात. न्यूयॉर्कने २०१३ मध्ये १०,००० डॉलर किंवा अधिक थकबाकीसाठी वाहन चालविण्याचा परवाना निलंबित करण्याची तरतूद केली. पण तो परवाना न्यूयॉर्कचा असतो, दुसऱ्या राज्याने दिलेला परवाना न्यूयॉर्कला रद्द करता येत नाही. पासपोर्ट रोखण्याची २०१५ ची तरतूद केवळ केंद्रीय करांच्या थकबाकीला लागू आहे.

‘साउथ डकोटा वि. वेफेअर’ (२०१८) नंतर राज्यात दुकान नसलेल्या विक्रेत्यालाही विक्रीकर गोळा करायला लावता येऊ लागले. सर्वसाधारण विक्रीकर नसलेल्या न्यू हॅम्पशायरने २०१९ मध्ये आपल्या विक्रेत्यांच्या संरक्षणासाठी कायदा केला. त्यानुसार परराज्यीय करखात्याला आधी न्यू हॅम्पशायरच्या न्यायखात्याला कळवावे लागते.

भारताशी या नियमाचा थेट संबंध ‘गव्हर्नमेंट ऑफ इंडिया वि. टेलर’ (१९५५) मधून येतो. दिल्लीत वीज पुरविणारी, इंग्लंडमध्ये नोंदलेली एक कंपनी १९४७ मध्ये भारत सरकारने विकत घेतली. पैसे इंग्लंडला गेले, कंपनी अवसायनात निघाली (तिचा कारभार गुंडाळला गेला), आणि भांडवली नफ्यावरील कराची भारताची मागणी हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने) नाकारली. भारतीय दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ४४अ देखील परदेशी हुकूमनाम्यांची अंमलबजावणी करताना कर, दंड वा तत्सम रकमा वगळते. देशांतर्गत व्यवस्था अगदी वेगळी आहे : महसूल वसुली अधिनियम, १८९० च्या कलम ३ नुसार एका जिल्ह्याचा जिल्हाधिकारी दुसऱ्या जिल्ह्याच्या, मग तो परराज्यातला का असेना, जिल्हाधिकाऱ्याकडे दाखला पाठवतो, आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. कोल्हापूरच्या दाखल्यावर बेळगावात जप्ती येऊ शकते. मागणी अमान्य असणाऱ्याने लेखी निषेध नोंदवून आधी रक्कम भरायची आणि मग कलम ४ खाली दावा लावायचा.