थंडी, गोंगाट आणि तरीही बरं वाटणं

माघ महिन्यात प्रयागच्या संगमावर, नदीकाठच्या वाळूत माघ मेळ्यासाठी तंबूंचं एक शहर उभं राहतं. तिथे महिनाभर मुक्कामाला राहणाऱ्यांना कल्पवासी म्हणतात. बहुतेक जण खेड्यांतले, उतारवयातले. पहाटेच्या अंधारात गंगेच्या गारठलेल्या पाण्यात स्नान, दिवसातून एकदाच जेवण, झोपायला जमीन. भोवती लाखोंची गर्दी आणि रात्रंदिवस कोकलणारे लाउडस्पीकर. साठी उलटलेल्या माणसाने ऐन थंडीत असं राहावं का, असं कुठल्याही डॉक्टरला विचारलं तर तो हातच जोडेल.

पण कल्पवासी घरी परततात ते थकून नव्हे, तरतरीत होऊन. निदान ते स्वतः तसं सांगतात. हे खरं की नुसतं मनाचं समाधान, हे तपासायला भारत आणि ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ एकत्र आले. श्रुती तिवारी, तेव्हा अलाहाबाद विद्यापीठात असलेले नारायणन श्रीनिवासन, सेंट अँड्र्यूज विद्यापीठाचे स्टीफन रायकर, डंडी विद्यापीठाचे निक हॉपकिन्स ही त्यांतली काही नावं. त्यांचा शोधनिबंध २०१२ साली प्रसिद्ध झाला. पूर्ण महिना राहिलेले ४१६ यात्रेकरू आणि यात्रेला न गेलेले १२७ जण अशी दोन गटांत तुलना होती. मेळ्याच्या एक महिना आधी आणि मेळा संपल्यावर एक महिन्याने दोन्ही गटांना त्यांच्या शारीरिक आणि मानसिक तक्रारींबद्दल विचारलं. यात्रेकरूंची तब्येत, त्यांच्याच सांगण्यानुसार, आधीपेक्षा सुधारली होती. न गेलेल्यांमध्ये तसा फरक दिसला नाही.

मला यातला 'एक महिन्याने' हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. उत्सवाच्या भरात कुणालाही छान वाटतं. घरी आल्यावर, शेतातली कामं आणि गुडघेदुखी पुन्हा सुरू झाल्यावरही ते टिकतं का, हा खरा प्रश्न. इथे ते टिकलेलं दिसलं. अर्थात हे सगळं स्वतःच्या तोंडून सांगितलेलं आरोग्य आहे, रक्ततपासणी नव्हे. शिवाय कुणी जायचं आणि कुणी नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे मुळात जाणारी माणसंच थोडी वेगळी असू शकतात. तरी पुराव्याचं वजन दुर्लक्ष करण्याजोगं नाही.

याच संशोधकांच्या गटाने आवाजावर केलेला एक प्रयोग तर फारच बोलका आहे. कल्पवाशांना ध्वनिमुद्रित गोंगाट ऐकवला. आवाज असा निवडला होता की तो नेमका कुठला हे ओळखू येऊ नये. कधी सांगितलं की हा मेळ्यातला, कधी सांगितलं की शहरातल्या रस्त्यावरचा. नको वाटलं की बंद करायची मुभा होती. मेळ्याचा आवाज म्हणून ऐकवला तेव्हा लोकांनी तो जास्त वेळ ऐकला. कानावर पडणाऱ्या लहरी त्याच, पण 'हा आपला' म्हटल्यावर त्रास उणावला. थंडीबद्दलही असंच काहीसं आढळलं: आपण कल्पवासी आहोत, ही सोसण्याची रीत आपली आहे, ही जाणीव त्या गारठ्याला अर्थ देते.

श्रद्धेतून मिळणाऱ्या आनंदाबद्दल बोलताना आपण बहुधा एकट्या माणसाकडे पाहतो. तो काय मानतो, किती मानतो, डोळे मिटल्यावर त्याला काय जाणवतं. संशोधन मात्र वारंवार दुसरीकडे बोट दाखवतं. चायून लिम आणि रॉबर्ट पुटनम या समाज-अभ्यासकांनी अमेरिकेतल्या लोकांची पाहणी करून २०१० मध्ये लिहिलं की दर आठवड्याला प्रार्थनेला जाणाऱ्या आणि तिथे तीन ते पाच जिवलग मित्र असणाऱ्यांपैकी ३३ टक्के लोक आयुष्याबद्दल 'अत्यंत समाधानी' होते. तितक्याच नियमाने जाणारे, पण तिथे एकही जवळचा मित्र नसलेले? त्यांच्यात हे प्रमाण १९ टक्के. कधीच न जाणाऱ्यांइतकंच! पण नुसत्या मैत्रीनेही भागत नाही. त्या माणसांना आपली श्रद्धा हीच आपली ओळख वाटत असेल, तर त्या मैत्रीचा असर सर्वाधिक होतो.

आपल्याकडे वारीत हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. ज्ञानेश्वर माउलींची पालखी मुक्कामाला पोचली की संध्याकाळी समाजआरती होते. हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंचावून 'होऽ' अशी हाक देतात आणि सगळं शांत होतं. पण एखाद्या दिंडीचं गाऱ्हाणं असेल तर ती टाळ थांबवत नाही. वाजवतच राहते. मग चोपदार तिथे जातात, तक्रार विचारतात, ती सोडवली जाते. हरवल्या-सापडल्याची घोषणाही तिथेच. आपलं म्हणणं ऐकलं जाईल आणि आपलं हरवलेलं कुणीतरी शोधेल, हा भरवसा रोज संध्याकाळी नव्याने मिळतो. आशा म्हणजे काय, याचं उत्तर चार्ल्स स्नायडर या मानसशास्त्रज्ञाने असं दिलं होतं: पुढे जायची वाट दिसणं आणि त्या वाटेने जायचं बळ आपल्यात आहे असं वाटणं. दिंडीत वाट ठरलेली असते आणि बळ शेजारच्याकडून येतं. विणेकरी, तुळस डोक्यावर घेतलेली बाई, पाणी देणारा पोरगा, प्रत्येकाला काम आहे. घरात ज्या आजींना 'तू बस गं, आम्ही करतो' असं सांगितलं जातं, त्यांच्यावाचून दिंडीतल्या पोळ्या होत नाहीत.

शरीराचाही यात वाटा आहे. इटलीतले लुचियानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली 'आवे मारिया' ही जपमाळेची प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हूं' हा मंत्र म्हणायला लावला. दोन्हींत श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला, आणि त्या लयीत हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांचा ताळमेळ सुधारला. एक प्रार्थना रोमन चर्चची, एक मंत्र तिबेटी बौद्धांचा. छातीचा भाता मात्र दोन्हींत एकाच संथ चालीवर.

श्रद्धेची दुसरी बाजू मात्र झाकून चालणार नाही, कारण ती घरोघरी आहे. आजार आला की आपल्याकडे पहिलं वाक्य निघतं, 'काय पाप केलं होतं मी?' अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या, पंचावन्न आणि त्यापुढच्या वयाच्या ५९६ रुग्णांची दोन वर्षांनंतर पुन्हा माहिती घेतली. देवाने आपल्याला सोडलं, त्याचं आपल्यावर प्रेम नाही, अशा विचारांनी पोखरलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त होतं, आजाराची तीव्रता वगैरे हिशेबात धरूनही. म्हणजे जी श्रद्धा आधार देते तीच, भीती आणि अपराधीपणाच्या रूपात, माणसाला खचवू शकते.

याच अभ्यासाच्या पुढच्या टप्प्यात हाती आलेली गोष्ट दिलासा देणारी आहे. प्रकृती खालावण्याचा धोका दिसला तो ही घालमेल दोन वर्षांनीही तशीच राहिलेल्यांमध्ये. ज्यांची मधल्या काळात मिटली त्यांच्यात तो दिसला नाही. म्हणून दवाखान्यात भेटायला जाल तेव्हा एखादा म्हातारा 'देव रुसला माझ्यावर' म्हणाला, तर 'असं बोलू नये' म्हणून त्याला गप्प करू नका. स्टूल ओढून बसा, त्याला सगळं बोलू द्या, आणि त्याच्या भजनी मंडळातल्या कुणाला तरी फोन करा.