दहा ओळींची ओळख आली कुठून?

सोलापुरातल्या मराठी शाळेत तिसरी-चौथीच्या मुलाला इंग्रजीत स्वतःची ओळख करून द्यायला सांगा. हाताची घडी घालून तो एका दमात दहा ओळी म्हणून टाकतो: नाव, इयत्ता, शाळा, आईवडील, आवडता रंग. मधेच ‘भाऊ तुझ्यापेक्षा मोठा का?’ असं इंग्रजीत विचारलं की गाडी अडते. दोष मुलाचा नाही. इंग्रजी आपल्या वर्गात आली ती वाटच तशी होती.

हिंदुस्थानात इंग्रजी शिक्षण द्यावं असं सुचवणाऱ्या ब्रिटिश अधिकारी मेकॉलेच्या १८३५च्या टिपणानंतर सरकारी पैसा इंग्रजी शिक्षणाकडे वळला. शिकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कचेरी होती, कायदा होता. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्याकडच्या कित्येक पिढ्या पोसल्या, पण त्या अभ्यासात शिकणाऱ्याने स्वतःबद्दल काही सांगायची गरजच पडत नसे. वाक्य दुसऱ्याचं, मुलाने ते फक्त इंग्रजीत उतरवायचं. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून सुरू होई, पुढे महाराष्ट्रात ती पाचवीवर आली. तरीही गुण लिहिण्यालाच होते. जून २००० पासून, प्रा. रामकृष्ण मोरे शालेय शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत ती पहिलीपासून आली. सहा वर्षांच्या मुलाला लिहिता येत नाही, म्हणजे बोलण्यावाचून इलाज नव्हता. मात्र शिकवणारे बहुतेक गुरुजी आणि बाई स्वतः पाचवीला एबीसीडी गिरवलेले. पाठांतर हाच त्यांना खात्रीचा आधार वाटला, आणि ते साहजिकच होतं.

‘स्वतःची ओळख’ हा पहिला धडा होण्यामागे युरोपातलं एक कामही आहे. कौन्सिल ऑफ युरोप या युरोपीय देशांच्या संघटनेसाठी भाषाशिक्षणतज्ज्ञ यान व्हान एक यांनी १९७५ मध्ये एक आराखडा मांडला: परक्या भाषेत निभावून न्यायला कमीत कमी काय यायला हवं? नाव-गाव, घर, व्यवसाय, फावला वेळ हे विषय त्यात आहेत. तो होता प्रौढांसाठी, सीमा ओलांडून कामाला, फिरायला जाणाऱ्यांसाठी. त्यांना समोरचा माणूस खरोखर अनोळखी असे. आपल्या वर्गात समोर बसतात त्या बाई मुलाचं नाव रोज हजेरीत घेतात! मग सांगायचं कुणाला आणि कशासाठी?

भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांत केलेला प्रयोग मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. मुलांपुढे उकलायला एखादं काम ठेवायचं, लक्ष अर्थावर राहिलं की भाषा मागोमाग येते, ही त्यांची धारणा होती.

सोलापुरात याची निकड जास्त आहे. शहराच्या पूर्व भागात घरी तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, कुठे उर्दू, शाळेत मराठी. इंग्रजी ही कित्येकांची तिसरी-चौथी भाषा. तरी वहीत सगळ्यांच्या ओळी सारख्याच. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतली मुलगी लिहिते, ‘माय मदर इज अ हाउसवाइफ’. प्रत्यक्षात आई विडी कारखान्याच्या ब्रँचमधून पानं-तंबाखू आणते, पानं भिजवते, मांडीवर सूप घेऊन ती कात्रीने कापते, विड्या वळून दोरा बांधते आणि माल ब्रँचला देऊन येते. ‘माय मदर मेक्स विडीज’ एवढं वाक्य त्या मुलीला सहज झेपतं. ते पुस्तकात नसतं, म्हणून सुचत नाही. मला हे फार लागतं. आईच्या कष्टांवर घर चालतं, आणि लेकीच्या इंग्रजीत आई बिनकामाची ठरते.

घरची भाषा वर्गात आणा, असं २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही सांगितलं. आणि खऱ्या अनोळखी श्रोत्याचं म्हणाल, तर माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२०चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. त्यांनी मुलांना व्हिडिओ कॉलवरून इतर देशांतल्या मुलांशी जोडलं. तिथे समोरच्याला खरंच काही ठाऊक नसतं, तो उलट प्रश्न विचारतो.

असा श्रोता शेजारच्या बाकावरही मिळतो. जोड्या लावायच्या, एकमेकांच्या घरी सकाळी आधी कोण उठतं, यंत्रमागावर कोण जातं, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत कशात बसलात, हे विचारायचं आणि मग आपली नव्हे, जोडीदाराची ओळख वर्गाला करून द्यायची. शब्द अडला तर तेलुगूत, कन्नडात चालेल. बाई तो फळ्यावर इंग्रजीत लिहून देतील.