कोंबड्याला लेयर खाद्य का सोसत नाही?

कोंबडा नसेल तर कोंबडी अंडी घालत नाही, हा समज अजूनही पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. अंडं तयार व्हायला कोंबडा लागत नाही, पिल्लं हवी असतील तरच लागतो. त्यामुळे नुसत्या खायच्या अंड्यांसाठी चार-पाच कोंबड्या पाळणाऱ्याने तो न ठेवलेलाच बरा. पिल्लं काढायची असतील तर आठ-दहा कोंबड्यांमागे एक पुरतो. कोंबड्या कमी असल्या की तो त्याच त्याच कोंबडीवर चढतो, तिच्या पाठीची आणि डोक्यामागची पिसं जातात, नखांनी कातडी फाटते. अशा वेळी त्याला काही दिवस वेगळ्या खुराड्यात ठेवावं. कोंबडीच्या अंडनलिकेत शुक्राणू साठवणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्यामुळे तो जवळ नसतानाही आठवडाभर, कधी दोन आठवडे फलित अंडी मिळत राहतात.

एवढं सांभाळूनही एक गोष्ट नजरेतून सुटते: सगळे एकाच भांड्यातलं खातात. लेयर खाद्यात, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांसाठीच्या खाद्यात, साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं; ग्रोअर खाद्यात, म्हणजे वाढत्या पक्ष्यांच्या खाद्यात, एक टक्क्याच्या आसपास. हा फरक कवचासाठी आहे. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं आणि ते कवच चढायला वीसेक तास लागतात. त्यातला बराच वेळ रात्रीचा, म्हणजे कोंबडी काही खात नसते तेव्हाचा. हा तुटवडा तिची हाडं भरून काढतात. पहिल्या अंड्याच्या साधारण दोन आठवडे आधी इस्ट्रोजेन या मादीच्या संप्रेरकाच्या प्रभावाने मांडीच्या हाडाच्या पोकळीत एक वेगळं, भुसभुशीत हाड तयार होऊ लागतं. रात्री ते विरघळतं, दिवसा खाद्यातून पुन्हा भरतं. अंड्यावरच्या कोंबडीच्या रक्तात कॅल्शियम कोंबड्याच्या दुपटीच्या आसपास असतं, कारण त्यातलं बरंचसं बलकासाठी यकृतात बनणाऱ्या प्रथिनांना बांधलेलं असतं. कोंबड्याला इस्ट्रोजेन टोचलं तर त्याच्याही हाडात हे भुसभुशीत हाड तयार होतं, इतकी ही व्यवस्था त्या एका संप्रेरकावर चालते.

कोंबड्यात ही व्यवस्था नसते. रोजचं जास्तीचं कॅल्शियम मूत्रपिंडांनाच बाहेर टाकावं लागतं. पक्षी नत्राचा निचरा युरिक आम्लाच्या रूपात करतात आणि ते पाण्यात फारसं विरघळत नाही. मूत्रपिंडाच्या नलिका खराब झाल्या की युरेट, म्हणजे या आम्लाचे क्षार, बाहेर पडत नाहीत, रक्तात वाढतात आणि हृदय-यकृताच्या आवरणावर चुना फासल्यासारखा पांढरा थर धरतात. याला गाऊट म्हणतात. पिल्लं आणि अंड्यावर न आलेल्या तलंगांना हा फटका लवकर बसतो, मोठा कोंबडा जास्त दिवस तग धरतो. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तर दुखणं बळावतं.

लक्षणं बेताचीच दिसतात: तुरा फिका पडणं, सारखं पाणी पिणं, पातळ पांढरी विष्ठा, गळालेलं वजन. मग एका सकाळी कोंबडा मेलेला सापडतो आणि नजर लागली म्हणून खुराड्यावर काळी बाहुली टांगली जाते. बाहुलीने दुसरा कोंबडा वाचणार नाही. मेलेला पक्षी त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन शवविच्छेदन करून घ्यावं. तो पांढरा थर नुसत्या डोळ्यांनी दिसतो, आणि राणीखेतसारखा साथीचा रोग असेल तर तेही वेळेत कळतं.

उपाय स्वस्त आहे. सगळ्या कळपाला १६ ते १८ टक्के प्रथिनांचं ग्रोअर खाद्य द्यावं आणि शिंपल्यांचे तुकडे वेगळ्या वाटीत ठेवावेत, खाद्यात मिसळू नयेत. अंड्यावरच्या कोंबडीला कॅल्शियमची वेगळी भूक असते. कवच चढायच्या सुमारास, म्हणजे दुपारनंतर, ती आपणहून त्या वाटीकडे जाते. कोंबडा फारसा फिरकत नाही. तुकडे २ ते ४ मिलिमीटरचे हवेत. एवढा तुकडा पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या जठराच्या भागात, अडकून रात्रभर हळूहळू विरघळतो. भुकटी लवकर पुढे सरकते, आणि कवचाला गरज असते त्या वेळेपर्यंत संपलेली असते.